हातांची भाषा आणि वसतिगृहाचे ऋण

स्मरणिकेसाठी लेख मागणारे संपादक मंडळाचे पत्र आले, तेव्हा बहुतेक माजी विद्यार्थ्यांप्रमाणे मलाही प्रथम वसतिगृहातील दिवस आठवले. पहाटेची वंदना, विहिरीवरची रांग, कंदिलाच्या उजेडातला अभ्यास, घरून येणाऱ्या पोस्टकार्डाची वाट. या आठवणी पुष्कळांनी लिहिल्या आहेत व पुढेही लिहितील. मी मात्र एका दिवाळीच्या सुट्टीपासून आरंभ करणार आहे, कारण त्या सुट्टीत पडलेला प्रश्न आयुष्यभर माझ्यासोबत राहिला आणि त्याचे उत्तर मला दूरच्या पॅरिस शहराच्या इतिहासात सापडले.

माझा धाकटा भाऊ जन्मतः कर्णबधिर. गावात त्याला त्याच्या नावाने ओळखणारे थोडे. 'मुका' एवढेच त्याचे नाव झाले होते. मी या विद्यालयात दाखल झालो आणि त्यानंतर वर्षभराने वडिलांनी त्याला मूकबधिर मुलांच्या एका निवासी शाळेत घातले. दिवाळीत आम्ही दोघे घरी आलो. माझ्याजवळ पाठ केलेल्या कविता होत्या, इंग्रजी शब्द होते. ते मी आईला म्हणून दाखविले आणि तिने कौतुकाने माझ्या तोंडावरून हात फिरविला. मग तो पुढे आला. त्याचे हात भराभर चालू लागले, चेहरा बोलू लागला. त्याला काहीतरी सविस्तर सांगायचे होते. काय, ते घरातल्या कोणालाच कळेना. आईला वाटले, त्याला भूक लागली असेल. तिने त्याच्यापुढे भाकरी ठेवली. त्याने एकदा भाकरीकडे व एकदा आमच्याकडे पाहिले आणि हात खाली घेतले.

पुढे मी त्याच्याकडूनच थोडीफार ती भाषा शिकलो, तेव्हा समजले की ती त्याला त्या शाळेतील गुरुजींनी शिकविली नव्हती. वर्गात हात पाठीमागे बांधून बसावे लागे आणि आरशासमोर ओठांच्या हालचाली घटवून घेतल्या जात. भाषा मिळाली ती रात्री, वसतिगृहात, मोठ्या मुलांकडून. वर्गात जी निषिद्ध होती, तीच झोपण्याच्या खोलीत माझ्या भावाला माणसांत आणीत होती.

असे का व्हावे? ज्या शाळा कर्णबधिरांसाठी काढल्या, त्यांतच त्यांच्या भाषेला मज्जाव का? या प्रश्नाचे मूळ शोधताना मी फ्रान्सपर्यंत पोहोचलो. कर्णबधिरांच्या शिक्षणावर फ्रान्सचा जेवढा प्रभाव पडला, तेवढा क्वचितच दुसऱ्या देशाचा पडला असेल. तो प्रभाव दुहेरी आहे. हातांच्या भाषेला शाळेची दारे उघडून देण्यात फ्रान्स आघाडीवर होता आणि शंभराहून अधिक वर्षांनी ती दारे बंद करण्याच्या निर्णयातही त्याचा मोठा वाटा होता. या दोन्ही घटनांतून आपल्यासारख्या निवासी विद्यालयाने काही घ्यावे, असे माझे प्रामाणिक मत आहे.

अठराव्या शतकाच्या मध्यास युरोपात कर्णबधिरांना शिकविणारे लोक नव्हते असे नाही. स्पेनमध्ये सोळाव्या शतकात पेद्रो पोन्से दे लेओन या मठवासीयाने सरदार घराण्यांतील कर्णबधिर मुलांना शिकविले होते. १६२० साली हुआन पाब्लो बोनेत यांच्या ग्रंथात एका हाताने दाखवावयाच्या वर्णमालेची चित्रे छापली गेली. पॅरिसमध्येच जाकोब रोद्रिग पेरेर हे नामांकित शिक्षक मुलांना बोलावयास शिकवीत. परंतु हे शिक्षण श्रीमंतांच्या घरचे होते, आणि पेरेर आपली पद्धत गुप्त ठेवीत. इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये ब्रेडवुड घराण्याचेही तसेच. विद्या ही त्यांच्या दृष्टीने घराण्याची मिरास होती. विद्या कुलूपबंद ठेवली की तिचे काय होते आणि ज्यांना ती नाकारली जाते त्यांचे काय होते, हे या स्मरणिकेच्या वाचकांना मी सांगण्याची गरज नाही.

या पार्श्वभूमीवर शार्ल-मिशेल द लेपे यांचे कार्य पाहावे लागते. १७१२ साली व्हर्सायला जन्मलेले हे धर्मोपदेशक चर्चमधील वरिष्ठांशी झालेल्या मतभेदांमुळे काहीसे बाजूला पडले होते. १७६० च्या सुमारास पॅरिसमधील एका घरी त्यांची दोन कर्णबधिर बहिणींशी गाठ पडली. त्या मुली आपसांत हातांनी बोलत होत्या. इतरांना जे नुसते हातवारे दिसत, त्यात द लेपे यांना भाषा दिसली. त्यांचा विचार साधा होता. ऐकणारे मूल कानांनी भाषा घेते. मग न ऐकणाऱ्या मुलाने ती डोळ्यांनी का घेऊ नये? त्यांनी आपल्या र्यू दे मुलाँ या रस्त्यावरील घरीच शाळा सुरू केली. गरीब-श्रीमंत असा भेद नव्हता, शुल्क नव्हते. आणि पद्धत गुप्त तर नव्हतीच. उलट ते लोकांसमोर जाहीर प्रात्यक्षिके करीत, परदेशांतून आलेल्या शिक्षकांना मोकळ्या मनाने शिकवीत. १७७६ साली त्यांनी आपली पद्धत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. फ्रेंच प्रभाव युरोपभर पसरला, त्याचे पहिले कारण हा मोकळेपणा होय.

येथे एका गैरसमजाची दुरुस्ती करणे आवश्यक आहे. द लेपे यांनी सांकेतिक भाषा निर्माण केली, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. ते खरे नाही. पॅरिसमधील कर्णबधिरांची भाषा त्यांच्या शाळेआधीपासून नांदत होती, आणि याची साक्ष एका कर्णबधिरानेच लिहून ठेवली आहे. पिएर देलोज हा पुस्तकबांधणीचा कारागीर. देवीच्या आजारात वयाच्या सातव्या वर्षाच्या सुमारास त्याची श्रवणशक्ती गेली. तरुणपणी तो पॅरिसला आला आणि सत्ताविसाव्या वर्षी त्याला ही भाषा शिकविली ती एका इटालियन कर्णबधिर नोकराने, ज्याला लिहिता-वाचता येत नव्हते. एका निरक्षर नोकराने एका कारागिराला भाषा दिली! १७७९ साली देलोजने पुस्तक लिहून आपल्या समाजाच्या भाषेची बाजू मांडली. हातांच्या भाषेला कमी लेखणाऱ्या एका धर्मोपदेशकाला दिलेले ते उत्तर होते. आपल्याविषयी इतर लोक काय लिहितात ते वाचून गप्प न बसता आपण स्वतः लेखणी उचलणे, हे किती मोठे पाऊल असते, हे आपण जाणतो.

द लेपे यांचा मोठेपणा त्यामुळे उणा होत नाही. तो नेमका कोठे आहे, हे मात्र कळते. शिक्षक असूनही ते आधी आपल्या विद्यार्थ्यांचे विद्यार्थी झाले. पण त्यांचीही एक चूक झाली. मुलांची भाषा अपुरी आहे असे समजून त्यांनी तिच्यावर फ्रेंच व्याकरणाचा साज चढविला. लिंग, काळ, प्रत्यय अशा प्रत्येक गोष्टीसाठी त्यांनी वेगळ्या खुणा ठरविल्या आणि त्यांना 'पद्धतशीर खुणा' म्हटले. परिणाम असा झाला की मुले खुणांवरून अचूक फ्रेंच वाक्य लिहीत, पण त्याचा अर्थ त्यांना कळलाच असेल याची खात्री नसे. पुढे ओग्युस्त बेबियाँ यांच्यासारख्या शिक्षकांनी ही उणीव उघड केली आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या कृत्रिम खुणा मागे पडल्या. कर्णबधिरांची स्वाभाविक भाषा मात्र टिकली. उपकाराच्या भावनेने केलेली सुधारणासुद्धा शिकणाऱ्याला विचारून केली नाही तर ओझे होते, हा त्यातला धडा.

१७८९ साली राज्यक्रांती झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस द लेपे निवर्तले. १७९१ मध्ये राष्ट्रीय सभेने त्यांची शाळा राष्ट्राच्या आश्रयाखाली घेतली. धर्मोपदेशकाच्या घरातील दानधर्म ही आता राज्याची जबाबदारी ठरली. ही शाळा पॅरिसमध्ये र्यू सँ-झाक येथे आजही चालू आहे. स्वातंत्र्य, समता, बंधुता हे शब्द फ्रेंच राज्यक्रांतीने जगभर नेले. बाबासाहेबांनी १९५४ साली आकाशवाणीवरून सांगितले होते की, ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतलेली नाहीत. ती बुद्धांच्या शिकवणुकीतून घेतली आहेत. या तिहींमध्ये बंधुतेला त्यांनी किती महत्त्व दिले, तेही आपल्याला ठाऊक आहे. कर्णबधिरांच्या बाबतीत त्याचा अर्थ फार स्पष्ट होतो. कायद्याने स्वातंत्र्य देता येते, समताही लिहून देता येते. पण ज्याच्याशी आपण चार वाक्ये बोलू शकत नाही, त्याच्याशी बंधुता कशी जोडणार? माझा सख्खा बंधू माझ्यासमोर बसलेला असताना मला हा प्रश्न पडला होता.

द लेपे यांच्यानंतर आबे सिकार प्रमुख झाले. त्यांचा विद्यार्थी झाँ मासिय हा गरीब घरातला. त्याची सर्व भावंडे कर्णबधिर. चौदाव्या वर्षाच्या सुमारास त्याला शाळा मिळाली आणि पुढे तो पॅरिसच्या शाळेत शिक्षक झाला. त्याच्या हाताखाली लोराँ क्लेर घडला. क्लेर १७८५ साली ला बाल्म या गावी जन्मला. तान्हेपणी आगीत पडल्यामुळे त्याच्या गालावर व्रण राहिला होता. बाराव्या वर्षी तो पॅरिसला आला, शिकला आणि तेथेच शिकवू लागला. विद्यार्थी, मग शिक्षक, मग त्याच्या हाताखालचा विद्यार्थी शिक्षक: कर्णबधिराने कर्णबधिराला शिकविण्याची ही परंपरा म्हणजे फ्रान्सने जगाला दिलेली सर्वांत मौल्यवान गोष्ट होय, असे मी मानतो.

१८१५ मध्ये अमेरिकेतील थॉमस हॉपकिन्स गॅलॉडेट हे तरुण धर्मोपदेशक युरोपला आले. त्यांच्या शेजारी राहणाऱ्या डॉक्टर मेसन कॉगस्वेल यांची मुलगी ॲलिस कर्णबधिर होती आणि अमेरिकेत तिच्यासाठी शाळा नव्हती. गॅलॉडेट प्रथम ब्रेडवुड घराण्याकडे गेले. तेथे गुप्ततेच्या अटी पुढे आल्या. त्याच सुमारास लंडनमध्ये सिकार, मासिय आणि क्लेर यांची प्रात्यक्षिके चालली होती. गॅलॉडेट यांनी ती पाहिली आणि सिकार यांच्या निमंत्रणावरून ते पॅरिसला गेले. १८१६ च्या जूनमध्ये क्लेरला सोबत घेऊन ते ल हाव्र बंदरातून निघाले. तो समुद्रप्रवास ५२ दिवस चालला. प्रवासात गॅलॉडेट यांनी क्लेरला इंग्रजी शिकविले आणि क्लेरने गॅलॉडेट यांना हातांची भाषा. दोघेही गुरू, दोघेही शिष्य. १५ एप्रिल १८१७ रोजी हार्टफर्ड येथे शाळा उघडली. ॲलिस तिच्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी एक होती. क्लेर तीन वर्षांच्या कराराने गेला होता. तो १८५८ पर्यंत शिकवीत राहिला आणि अमेरिकेतच त्याचा देह पडला.

या एका प्रवासाचा परिणाम आजही दिसतो. इंग्लंड आणि अमेरिका दोघांचीही बोलण्याची भाषा इंग्रजी. पण इंग्लंडमधील कर्णबधिराला अमेरिकेतील कर्णबधिराची भाषा सहज कळत नाही. अमेरिकेची सांकेतिक भाषा फ्रेंच भाषेच्या अधिक जवळची आहे. 'शोधणे' या अर्थाची अमेरिकी खूण हाताला 'सी' या अक्षराचा आकार देऊन करतात, कारण शोधण्यासाठीचा फ्रेंच शब्द त्या अक्षराने सुरू होतो. अर्थात ती फ्रेंच भाषेची नक्कल नव्हे. हार्टफर्डच्या वसतिगृहात गावोगावची मुले आपापल्या खुणा घेऊन आली. मार्थाज व्हिनयार्ड नावाच्या बेटावर आनुवंशिक बहिरेपणा इतका होता की तेथील ऐकणारी माणसेही हातांनी बोलत. तेथील मुलेही या शाळेत आली. क्लेरची फ्रेंच भाषा आणि मुलांच्या खुणा एकाच छपराखाली मिसळल्या व नवी भाषा झाली. फ्रेंच परंपरा आयर्लंडच्या शाळांत पोहोचली. ब्राझीलमध्ये ह्यूए नावाच्या फ्रेंच कर्णबधिर शिक्षकाने १८५७ मध्ये रिओ दि जानेरो येथे शाळा उभी केली. या प्रसारामागे सैन्य नव्हते, साम्राज्य नव्हते. एकेक शिक्षक गेला, वसतिगृह उघडले आणि भाषा रुजली.

पॅरिसमध्येही कर्णबधिर समाज स्वतःच्या पायांवर उभा राहत होता. फेर्दिनाँ बेर्तिए हा याच शाळेचा विद्यार्थी व पुढे शिक्षक. १८३४ पासून त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी द लेपे यांच्या जयंतीनिमित्त दरवर्षी सहभोजन सुरू केले. गावोगावचे कर्णबधिर तेथे जमत, हातांनी भाषणे होत, वर्षभराचे प्रश्न मांडले जात. १८३८ मध्ये त्यांतूनच कर्णबधिरांची संघटना उभी राहिली. जयंतीच्या दिवशी विखुरलेला समाज एकत्र येतो, आपल्यासारखे आणखी लोक आहेत हे डोळ्यांनी पाहतो आणि ताठ मानेने घरी जातो. हा अनुभव आपल्या समाजाला नवा नाही. पॅरिसच्या त्या मेजवान्यांविषयी वाचताना मला परके असे काही वाटलेच नाही.

मग घात कोठे झाला? १८८० च्या सप्टेंबरमध्ये इटलीतील मिलान येथे कर्णबधिरांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. प्रतिनिधी १६४, त्यांत बहुसंख्य इटालियन आणि फ्रेंच. कर्णबधिर प्रतिनिधी म्हणून नोंद आहे ती एकाची, अमेरिकेचे जेम्स डेनिसन यांची. परिषदेने ठराव केला की वाणी ही खुणांपेक्षा निर्विवाद श्रेष्ठ असून यापुढे मौखिक पद्धतीलाच प्राधान्य द्यावे. ज्यांच्या आयुष्याचा निर्णय होत होता, ते सभागृहाबाहेर होते. ठराव करणारे दुष्ट होते असे मी म्हणत नाही. मुलांनी बोलावे, चारचौघांत मिसळावे, असे त्यांना मनापासून वाटत असेल. पण आपल्यासारखे झाल्याशिवाय तुम्हाला आमच्यात जागा नाही, असा त्याचा अर्थ होत होता.

फ्रान्समध्ये त्यानंतर जवळजवळ शतकभर वर्गातून हातांची भाषा हद्दपार झाली. कर्णबधिर शिक्षक अनावश्यक ठरले, कारण ते उच्चार शिकवू शकत नव्हते. मासियपासून क्लेरपर्यंत आणि क्लेरपासून समुद्रापार पोहोचलेली साखळी तिच्या उगमस्थानीच तुटली. तरीही भाषा मेली नाही. दिवे मालवल्यावर झोपण्याच्या खोल्यांत, खेळाच्या मैदानावर, कोपऱ्यात मोठी मुले लहानांना ती देत राहिली. शाळेने जी विद्या टाकून दिली, ती वसतिगृहाने सांभाळली. माझ्या भावाच्या शाळेतही हेच घडत होते, हे मला कित्येक वर्षांनी उमजले. मिलानच्या सभागृहातील ठरावाची सावली एका खेड्यातील मुलाच्या बांधलेल्या हातांपर्यंत पोहोचली होती. भारतात कर्णबधिरांची पहिली शाळा मुंबईत निघाली ती त्याच १८८० च्या दशकात, आणि पुढे देशभर शाळा वाढल्या त्या मुख्यतः मौखिक पद्धतीच्या छायेत.

कालांतराने चक्र फिरले. १९६० मध्ये अमेरिकेत विल्यम स्टोकी यांनी सांकेतिक भाषेला स्वतःची रचना व नियम असतात, हे शास्त्रीय रीतीने दाखविले. १९७० च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या कर्णबधिर कलावंतांच्या सहकार्याने पॅरिसजवळ व्हँसेन येथे कर्णबधिरांची रंगभूमी उभी राहिली. क्लेरने नेलेले ऋण जणू परत आले. २००५ च्या कायद्याने फ्रेंच सांकेतिक भाषेला स्वतंत्र भाषा म्हणून मान्यता मिळाली. २०१० मध्ये व्हँकूव्हर येथील त्याच आंतरराष्ट्रीय परिषदेने मिलानचे ठराव नाकारले. एक चूक मान्य करण्यास १३० वर्षे लागली. त्या वर्षांत किती मुले भाषेविना वाढली असतील, त्याचा हिशेब कोण देणार?

आता आपल्याकडे वळू. २०११ च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्या व्यक्तींची संख्या ५० लाखांहून अधिक नोंदली गेली. भारतीय सांकेतिक भाषा ही फ्रेंच कुळातील नव्हे. इंग्रजी अक्षरे आपल्याकडे प्रायः दोन्ही हातांनी दाखवितात, ती ब्रिटिश वळणाची. बाकी भाषा इथल्या मातीतली. तिचे व्याकरण ना मराठीचे ना इंग्रजीचे. प्रश्नवाचक खूण तीत सामान्यतः वाक्याच्या शेवटी येते. २०१५ मध्ये दिल्लीत या भाषेचे संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले, तिचे कोश तयार झाले. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने सांकेतिक भाषा जाणणारे शिक्षक, त्यांत स्वतः दिव्यांग असलेले शिक्षकही, नेमण्यास सांगितले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही या भाषेला स्थान आहे. कागद आपल्या बाजूचा आहे. उणीव आहे ती माणसांची.

यावर काही पालक विचारतात, "आता श्रवणयंत्रे आहेत, कॉक्लिअर इम्प्लांटची शस्त्रक्रिया आहे, मग हातांची भाषा कशाला? ती शिकला तर मुलगा बोलायचा राहील." त्यांची काळजी मी समजू शकतो. यंत्रे अवश्य वापरावीत, वाचोपचार अवश्य करावेत; ज्याला वाणी साधेल त्याला ती साधू द्यावी. परंतु यंत्राचा लाभ प्रत्येकाला सारखा होत नाही आणि भाषा शिकण्याची कोवळी वर्षे कोणासाठी थांबत नाहीत. नुसत्या ओठांवर विसंबावे, तर 'बाळ' आणि 'माळ' ओठांवर सारखेच दिसतात. त्या वर्षांत मुलाला एक तरी पूर्ण भाषा मिळालीच पाहिजे. ज्याच्याजवळ एक भाषा पक्की आहे, त्याला दुसरीचा पाया मिळतो. खेड्यातली बोली घेऊन आपण या विद्यालयात आलो आणि प्रमाण मराठी, इंग्रजी शिकलो; आपली बोली त्या आड आली नाही. जिथे गुरुजींनी बोलीला हसून गप्प केले, तिथेच मुले अडली.

म्हणून संस्थेच्या संचालक मंडळापुढे व माजी विद्यार्थी बांधवांपुढे मी तीन सूचना नम्रपणे ठेवतो. पहिली: या वर्षापासून विद्यालयात भारतीय सांकेतिक भाषेचा वर्ग सुरू करावा, विद्यार्थ्यांसाठी आणि शिक्षकांसाठी. आपल्या परिसरात एकही गाव असे नसेल, जिथे असे एखादे मूल नाही. आपला विद्यार्थी सुट्टीत घरी गेला आणि गल्लीतल्या त्या मुलाशी बोलू शकला, तर तेवढ्याने एका घराचे दार उघडेल. दुसरी: हा वर्ग कर्णबधिर शिक्षकानेच घ्यावा, आणि त्याला पूर्ण वेतन द्यावे. कर्णबधिर व्यक्तींना ही भाषा शिकविण्याचा पदविका अभ्यासक्रम आता उपलब्ध आहे. ऐकणाऱ्या मुलांनी कर्णबधिर माणसाला फळ्यापाशी उभे पाहावे, त्याला 'सर' म्हणावे, हेही शिक्षणच आहे. तिसरी: कर्णबधिर मुलांच्या मातांसाठी सुट्टीत शिबिर घ्यावे. मूल शाळेत भाषा शिकते आणि आई घरी अनोळखी राहते, हे दुःख मी पाहिले आहे.

खर्चाचा प्रश्न येईल. माजी विद्यार्थ्यांची एवढी मोठी संख्या असताना एका शिक्षकाचे वेतन जड जाऊ नये. माझा वाटा मी आजच देण्यास तयार आहे.

आमची आई आता नाही. शेवटपर्यंत तिला माझ्या भावाच्या भाषेतील पाच-सहाच खुणा येत होत्या: ये, जा, जेव, पाणी, झोप. त्या तिने खूप मायेने वापरल्या. पण त्या दिवाळीत तो काय सांगत होता, हे तिला कधीच कळले नाही. मी मोठेपणी त्याला विचारले. तो हसला आणि हातांनी म्हणाला की, वसतिगृहात मोठ्या मुलांनी त्याला त्याचे स्वतःचे नाव दिले होते, कपाळावरल्या खुणेवरून. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला एक नाव मिळाले होते, त्याला कळेल असे. तेच तो आईला सांगू पाहत होता.